सोमवारी बरा होणारा टॉवर

दादर पश्चिमेला रानडे रोड आणि केळकर रोडच्या मधल्या गल्ल्यांतून श्रावणात तक्रारी यायला लागल्या. मजकूर बहुतेक सगळ्यांचा सारखाच होता. रेंज फुल दिसते, पण कॉल लागत नाही. लागलाच तर समोरच्याला आपलं ऐकू जात नाही. नेट मध्येच अडकतं, क्यूआर कोड स्कॅन केला की चाक फिरत राहतं आणि मागे गिऱ्हाइकांची रांग वाढते. इकडे कंपनीच्या डॅशबोर्डवर त्या भागातल्या सगळ्या साइट हिरव्या होत्या. एकही अलार्म नव्हता, कॉल ड्रॉप मर्यादेच्या आत होता, जोडणी यशस्वी होण्याचं प्रमाणही उत्तम होतं.

नेटवर्कच्या आकडेवारीतून बिघाड आपोआप हुडकून काढण्याचं काम करणाऱ्या गटात मी तेव्हा होतो. कंपनीचं, साइटचं आणि पुढे येणाऱ्या दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही.

डॅशबोर्ड हिरवा का राहिला

मोबाइल नेटवर्कमधला प्रत्येक सेल, म्हणजे टॉवरच्या एका दिशेच्या अँटेनाने सांभाळलेला टापू, आपल्या कामाची मोजदाद सतत ठेवत असतो: किती फोनांनी जोडणी मागितली, किती जोडल्या, किती कॉल मध्येच तुटले, किती फोन शेजारच्या सेलकडे सुपूर्द झाले. ही मोजदाद साधारणपणे दर १५ मिनिटांनी वर पाठवली जाते आणि तिच्यातून टक्केवारी निघते. ‘कॉल ड्रॉप’ म्हणजे जोडलेल्या कॉलपैकी तुटलेले. ‘जोडणीचं यश’ म्हणजे मागितलेल्या जोडण्यांपैकी मिळालेल्या.

आता इथली गोम बघा. फोन टॉवरला पहिली हाक मारतो त्या टप्प्याला रँडम ॲक्सेस म्हणतात. ही हाकच टॉवरला ऐकू गेली नाही, तर टॉवरच्या हिशेबी कोणी आलंच नाही. तो फोन ‘मागितलेल्या’ जोडण्यांत मोजला जात नाही, मग ‘न मिळालेल्या’त तरी कसा येणार? म्हणजे सेल जितका बहिरा, तितकी त्याच्यापर्यंत पोहोचणारी माणसं फक्त जवळची आणि चांगल्या सिग्नलमधली, आणि तितकी त्याची टक्केवारी देखणी. कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावून दहावीचा निकाल शंभर टक्के लावणाऱ्या शाळा आपल्याकडे होत्याच, त्यातलाच हा प्रकार. अगदी टोकाला सेल पूर्ण झोपला, तर शून्य भागिले शून्य. बऱ्याच अहवालांत अशा ठिकाणी रिकामी चौकट येते, आणि ‘सर्वात वाईट वीस सेल’ची यादी लावताना रिकामी चौकट कधीच वर येत नाही.

दुसरी गोष्ट सरासरीची. मुंबई हे दूरसंचाराच्या हिशेबात उरलेल्या महाराष्ट्रापासून वेगळं परवाना क्षेत्र आहे. एवढ्या मोठ्या क्षेत्राची सरासरी काढली की दादरची एक गल्ली त्यात कुठल्या कुठे विरघळते. दूरसंचार नियामक ट्रायलाही हे कळलेलं होतं. म्हणून १ ऑक्टोबर २०१७ पासून कॉल ड्रॉपचा निकष क्षेत्राच्या सरासरीवरून सेलनिहाय झाला: किमान ९० टक्के सेलमध्ये, ९० टक्के दिवस, ड्रॉप २ टक्क्यांच्या आत हवा, असं ठरलं. पाऊल चांगलंच होतं. पण तोही जोडलेल्या कॉलचा हिशेब. आमच्या गल्लीतले कॉल तुटत नव्हते, लागतच नव्हते. शिवाय दिवसाचा आकडा घेतला की रात्रीचे शांत तास दुपारचं दुखणं झाकतात.

ग्राहकाला दांड्या फुल का दिसतात, हेही यातच आलं. दांड्या टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या सिग्नलच्या असतात. टॉवरवरचा रेडिओ कित्येक वॅटने बोलतो. फोनची कमाल ताकद फोरजी एलटीईमध्ये २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॅट. फोनकडून टॉवरकडे जाण्याची वाट, म्हणजे अपलिंक, मुळातच अशक्त, आणि बिघडते तेव्हा पडद्यावर काहीच दिसत नाही. गिऱ्हाईक म्हणतं ‘टॉवर फुल आहे’, कॉल सेंटर म्हणतं ‘फोन रीस्टार्ट करा’, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

आपोआप हुडकणं म्हणजे काय केलं

साधी मर्यादा ठेवून भागत नाही, हे आधीच स्पष्ट होतं. पण ‘नेहमीपेक्षा वेगळं दिसलं की इशारा द्या’ एवढ्यानेही भागत नाही, आणि याचं कारण निव्वळ अंकगणित आहे. समजा ५,००० सेल आहेत, प्रत्येकाचे ८ निर्देशांक बघायचे आहेत आणि दिवसाला ९६ नोंदी येतात. रोजच्या तपासण्या झाल्या ३८ लाख ४० हजार. तीन सिग्माचा पाठ्यपुस्तकी नियम (सरासरीपासून प्रमाण विचलनाच्या तिपटीहून लांब गेलं की इशारा) लावला, तर सगळं ठणठणीत असतानाही ०.२७ टक्के नोंदी हद्दीबाहेर जाणार. म्हणजे रोज दहा हजारांवर खोटे इशारे. एवढे इशारे देणारी यंत्रणा दुसऱ्या आठवड्यात कोणी उघडून बघत नाही.

त्यात ही मुंबई. इथली गर्दी घड्याळाने चालते आणि घड्याळ मोडलं की दुसरीकडे उसळते. रविवारी मेगाब्लॉक असला की एका स्टेशनजवळचा सेल ओस पडतो आणि पलीकडच्या बस स्टॉपवरचा फुगतो. जोराचा पाऊस झाला, गाड्या रखडल्या, की कुर्ला-दादरला हजारो माणसं एकाच वेळी घरी फोन लावतात. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीच्या आसपास तर आठवड्याचा कुठलाच नमुना लागू होत नाही. यातलं काहीच बिघाड नाही, पण आकड्यांच्या नजरेला सगळं बिघाडासारखं दिसतं.

म्हणून दोन गोष्टी केल्या. पहिली, प्रत्येक सेलची तुलना त्याच्याच त्या वाराच्या त्या तासाशी. मंगळवार दुपारी बाराची तुलना आधीच्या मंगळवारांच्या दुपारी बाराशी. इथे सरासरी आणि प्रमाण विचलन वापरलं नाही. एखादा विसर्जनाचा दिवस दोन्ही आकडे पार बिघडवतो. त्याऐवजी मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घेतला, आणि मध्यकापासूनच्या अंतरांचा पुन्हा मध्यक. त्याला १.४८२६ ने गुणलं की नेहमीच्या सिग्माच्या मापात येतो आणि एकदोन विचित्र दिवसांनी हलत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: सेलला त्याच्या शेजाऱ्यांच्या संगतीत बघायचं. पावसाने गाड्या थांबल्या तर त्या भागातले सगळे सेल एकदम चढतात. मेगाब्लॉकला स्टेशनजवळचे सगळे एकदम उतरतात. पण एकाच सेलची वाहतूक घटली आणि त्याच दिशेला बघणाऱ्या शेजाऱ्यांची, किंवा त्याच खांबावरच्या दुसऱ्या बँडची (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची), तेवढीच वाढली, तर माणसं तिथेच आहेत, फक्त या सेलने त्यांना घेणं सोडलंय. म्हणून टक्केवारी न बघता वाटा बघितला: या भागाच्या एकूण वाहतुकीत या सेलचा हिस्सा किती.

त्या वेळी गटात न्यूरल नेटवर्कवर चालणारं एक मॉडेलही तपासलं जात होतं. त्यालाही हा सेल संशयास्पद वाटला होता, नाकारत नाही. पण त्याने दिला एक गुण, ०.९च्या आसपासचा. फील्डचा माणूस विचारतो, ‘झालंय काय, आणि मी सोबत काय नेऊ?’ या प्रश्नाला ०.९ हे उत्तर होत नाही. ‘वाटा उतरलाय, २३०० मेगाहर्ट्झवरचा भार वाढलाय, अपलिंकचा गोंगाट दुकानं उघडायच्या वेळी चढतोय’ हे उत्तर होतं. तिकीट कोणाच्या हातात जाणार हे ठरवल्याशिवाय मॉडेल निवडू नये, असं माझं मत तेव्हाही होतं.

दोन संशयित

दादरच्या सेलसाठी यंत्रणेने तीन खुणा एकत्र दाखवल्या. ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झवरचा वाहतुकीचा वाटा घसरलेला. २३०० वरचा वाढलेला, आणि हा बँड भिंतीतून आत शिरायला कच्चा, म्हणून दुकानांच्या आत हाल. तिसरी खूण सर्वात बोलकी: अपलिंकमधला गोंगाट.

एलटीईच्या एका रिसोर्स ब्लॉकची, म्हणजे फोनला वाटून दिल्या जाणाऱ्या छोट्या पट्ट्याची, रुंदी १८० किलोहर्ट्झ. तेवढ्या पट्ट्यात निसर्गाचा स्वतःचा गोंगाट सुमारे उणे १२१ डीबीएम असतो, त्यात रेडिओचा थोडा धरला की निरोगी सेल उणे ११८-११७ च्या आसपास दिसतो. इथे दिवसा तो दहा डेसिबलहून जास्त वर होता. दहा डेसिबल ऐकायला किरकोळ वाटतं. पण शहरी भागात सिग्नल अंतराच्या साधारण साडेतीनाव्या घाताने मरतो असं धरलं, तर दहा डेसिबल गोंगाट वाढल्यावर टॉवरला ऐकू येण्याचं अंतर जवळपास निम्मं होतं. निम्मं अंतर म्हणजे पाव क्षेत्रफळ.

पहिला संशयित पीआयएम, म्हणजे पॅसिव्ह इंटरमॉड्युलेशन. अँटेनाला जोडणाऱ्या जम्पर केबलचा कनेक्टर सैल झाला किंवा गंजला की दोन फ्रिक्वेन्सी तिथे एकमेकींत मिसळतात आणि तिसरीच तयार होते. उदाहरणार्थ टॉवर १८१० आणि १८७५ मेगाहर्ट्झवर बोलत असेल, तर १८१०च्या दुपटीतून १८७५ वजा केले की १७४५ येतात, आणि १७१० ते १७८५ हा तर त्याच बँडचा ऐकण्याचा पट्टा. टॉवर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत, पावसाळ्यात, हे दुखणं इतकं नेहमीचं की फील्डवाल्यांचा हात आपसूक पान्याकडे जातो. इथेही गेला. रिगर, म्हणजे खांबावर चढून काम करणारे, वर चढले, कनेक्टर साफ करून टॉर्क रेंचने आवळले, एक जम्पर बदलला. दुसऱ्या दिवशी दुकानं उघडली आणि गोंगाट होता तिथे परत.

दुसरा संशयित बेकायदा बूस्टर, म्हणजे कोणी परवान्याशिवाय बसवलेलं सिग्नल वाढवायचं यंत्र. त्याच्याबद्दल पुढे येतंच.

या दोघांना आकड्यांवरून वेगळं कसं करायचं, हाच या प्रकरणातला खरा रसाचा भाग. आठवड्याचा आलेख काढला तेव्हा गोंगाट रोज सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला एकदम चढत होता आणि रात्री शटर पडायच्या वेळी एकदम उतरत होता. सोमवारी मात्र दिवसभर सपाट, सेल ठणठणीत. दादरला बाजार सोमवारी बंद असतो, हे इथल्या कोणालाही सांगावं लागत नाही. बूस्टर दुकानातल्या मेन स्विचवर असणार, हा अंदाज लगेच आला.

पण थांबा. पीआयएमचा गोंगाटही टॉवरच्या स्वतःच्या भाराबरोबर वरखाली होतो. बाजार बंद म्हणजे गर्दी कमी, गर्दी कमी म्हणजे भार कमी, म्हणजे पीआयएम असता तरी सोमवारी सेल बराच झाला असता. दोन्ही संशयितांची हजेरी एकाच मस्टरवर. नुसता सहसंबंध काढून इथे काहीच सिद्ध होत नाही, आणि बरीच तयार साधनं नेमकी इथेच थांबतात.

पुढच्या तीन तपासण्यांनी निकाल लागला. एक म्हणजे चढण्याची तऱ्हा. भार सकाळी हळूहळू वाढतो, गोंगाट एका पंधरा मिनिटांच्या नोंदीत उडी मारत होता. उडी म्हणजे स्विच. दुसरी, रात्री तीनच्या पुढे, रस्त्यावर कुत्र्यांशिवाय कोणी नसताना, सेलवर कृत्रिम भार टाकून बघितला. रेडिओ पूर्ण ताकदीने बडबडत होता, अपलिंकचा गोंगाट जागचा हलला नाही. पीआयएम असता तर तो त्याच क्षणी वर आला असता. तिसरी, शेजारपाजार. पीआयएम त्या सेक्टरच्या (टॉवरच्या त्या एका दिशेच्या) स्वतःच्या केबल-अँटेनातला दोष, तो सहसा तिथेच राहतो आणि बऱ्याचदा एखाद्याच रिसीव्ह शाखेत (टॉवरच्या ऐकण्याच्या एका वाटेत) जास्त दिसतो. इथे गोंगाट सगळ्या शाखांत जवळपास सारखा होता, आणि दुसऱ्या एका साइटचा या गल्लीकडे तोंड असलेला सेक्टरही त्याच वेळी, थोड्या कमी प्रमाणात, चढत-उतरत होता.

त्यावर शिक्कामोर्तब गणपतीने केलं. चतुर्थीच्या आधीच्या सोमवारी खरेदीसाठी बाजार उघडा राहिला, आणि त्या सोमवारी गोंगाटही हजर होता.

गल्लीत

जागा शोधायचं काम शेवटी पायांनीच करावं लागतं. दोन सेक्टरांच्या दिशा नकाशावर जिथे छेदत होत्या, तो पट्टा हातात स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि दिशादर्शक अँटेना घेऊन चालून काढला. गणपतीच्या खरेदीच्या गर्दीत माशाच्या काट्यासारखी अँटेना वर धरून चालणाऱ्या दोन माणसांकडे लोक कसे बघत असतील ते सांगायला नको. एका वळणावर पातळी झपाट्याने चढली. वर बघितलं तर पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर, जाहिरातीच्या फलकाआड, एक छोटी यागी, म्हणजे तशीच काट्यासारखी, अँटेना टॉवरकडे तोंड करून बसलेली. काळी केबल भिंतीवरून साड्यांच्या दुकानात, तिथून जिन्याने तळघरात. तळघरात मोठा माल, गाद्या-तक्के, आरसे, आणि छताला चिकटवलेली पांढरी घुमटासारखी अँटेना. बूस्टरचा डबा मीटरच्या पेटीशेजारी, हात लावला तर गरम.

बिघाड कसा होतो तेही त्या जिन्यात उभं राहून समजत होतं. बाहेरची अँटेना आणि आतली अँटेना यांच्यात पुरेसा आडोसा लागतो. ढोबळ नियम असा की बूस्टरच्या गेनपेक्षा (तो सिग्नल जेवढा वाढवतो त्यापेक्षा) हा आडोसा निदान १५ डेसिबल जास्त हवा. गेन ७० असेल तर ८५. इथे दोघींच्या मध्ये एक लाकडी जिना आणि काच. आतला सिग्नल बाहेर, बाहेरचा पुन्हा आत, माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तीच किंचाळी, आणि तिचं तोंड थेट आमच्या टॉवरच्या कानाकडे. कोणी फोनवर बोलत असो वा नसो, स्विच चालू आहे तोवर ती चालू.

मालकांनी भांडण केलं नाही. म्हणाले, “साहेब, खाली रेंजच येत नाही. गिऱ्हाईक पाच हजारांची साडी पसंत करतं आणि पैसे पाठवायला जिना चढून रस्त्यावर येतं. तिथून किती जण परत खाली येतात, सांगा. तुमच्या कंपनीला मेल करून थकलो, मग हे बसवलं.” आमच्या सोबतचा फील्ड इंजिनीअर त्यांना म्हणाला, “शेठ, एकदा बंद करून बघा,” आणि समोरच्या पानवाल्याला फोन लावायला सांगितलं. पानवाल्याचा कॉल पहिल्या झटक्यात लागला. तो वरूनच ओरडला, “आता आलं बघा ऐकू!” मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गल्लीची रेंज आपल्या तळघरातून जात होती हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

परवान्याशिवाय असा बूस्टर बाळगणं आणि चालवणं हा गुन्हा आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ती बंदी चालत आली आहे. पण तो जप्त करायचा अधिकार मोबाइल कंपनीच्या माणसाला नाही. ते काम दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनचं. रीतसर पत्र गेलं, मालकांनी त्याआधीच डबा काढून ठेवला होता. मला विचाराल तर दोष त्यांच्यापेक्षा कंपनीचा जास्त. तळघरात कव्हरेज नाही ही तक्रार ‘इनडोअर समस्या’ असा शेरा मारून बंद केलेली होती, आणि तीच तक्रार पुढे बूस्टर होऊन बाहेर आली. तळघरापुरता उपाय तसा साधाच निघाला: दुकानात ब्रॉडबँड होतंच, वायफाय खालपर्यंत पोहोचवलं. देशात वायफायवरून कॉलची सोय दोन मोठ्या कंपन्यांनी २०१९ अखेर आणि २०२० च्या सुरुवातीला दिली, पण ती फोनच्या सेटिंगमध्ये बऱ्याचदा बंदच पडलेली असते. विक्रेत्यांच्या फोनवर ती चालू करून दिली आणि गिऱ्हाइकांसाठी वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवला.

यंत्रणेत काय राहिलं, काय नाही

प्रकरणानंतर ‘एकदम उडी, सगळ्या शाखांत सारखी, कृत्रिम भाराला दाद नाही, शेजारच्या सेक्टरमध्येही त्याच वेळी’ हा नमुना वेगळा नियम म्हणून बसवला. असं तिकीट आता रिगरकडे न जाता थेट हस्तक्षेप शोधणाऱ्या टीमकडे जातं, म्हणजे पावसात खांबावर चढायची एक फेरी वाचते. दुकानांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार भागनिहाय माहितीत भरला. रात्रीची भार चाचणी हाताने न करता संशय आल्यावर आपोआप लागते. ग्राहक तक्रारींतले ‘रेंज आहे पण’ अशा अर्थाचे शब्दही त्याच पडद्यावर आणले, कारण यंत्रणेच्या आधी ही गोष्ट लोकांनी सांगितली होती.

मानकांत आणखी एक सोय आहे. मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेच्या रिलीज ११ पासून फोन जोडणी फसल्याची नोंद स्वतःकडे ठेवून, पुढे जोडणी मिळाली की नेटवर्कला देऊ शकतो. म्हणजे हाक न पोहोचलेल्यांची मोजदाद. त्यासाठी फोनने आणि नेटवर्कने दोघांनीही ती वापरायला हवी, पण अशा सेलसाठी याहून थेट पुरावा दुसरा नाही.

सोसायट्यांतले बूस्टर मात्र या नियमाला चकवतात. ते चोवीस तास चालू, ना शटर ना सोमवार. बसवला त्या दिवशी एकदा उडी दिसते, आणि काही आठवड्यांत वाराच्या-तासाच्या मध्यकाच्या हिशेबी ती पातळीच ‘नेहमीची’ ठरते. त्यासाठी ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये मांडलेली क्युसम पद्धत लावली: लहान फरकही साठवत जायचे, बेरीज हद्द ओलांडली की इशारा. आणि तुलना मागच्या महिन्याशी न करता सेल पहिल्यांदा चालू झाला तेव्हाच्या गोंगाटाशी. शिवाजी पार्ककडच्या एका इमारतीचा बूस्टर याच पद्धतीने सापडला. तिथे सोसायटीची कमिटी अजून कंपनीशी पत्रव्यवहार करतेय की इमारतीतल्या कव्हरेजचा खर्च कोणी करायचा.